फिट थांबल्या, आता किडनीकडे बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात प्रवेश मिळाला, फिट येणं थांबलं, म्हणून ‘आता डॉक्टर पुरे’ असं तू जाहीर केलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. तुझा कंटाळा मला समजतो. पण ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे अनेक अवयवांत गाठी करणाऱ्या तुझ्या या जनुकीय आजारात, मेंदू जरा शांत झाला की किडनी डोकं वर काढते. आणि नेमक्या त्याच वयात मुलांच्या डॉक्टरांकडे जाणं सुटतं. पुढे कुणाकडे जायचं, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

तुझ्या दोन्ही किडन्यांत अँजिओमायोलायपोमा आहेत. आम्ही नुसतं एएमएल म्हणतो. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची ही गाठ, कर्करोग नव्हे. हा आजार असलेल्या १० पैकी सुमारे ८ जणांना ती कधी ना कधी होते. पेशींची वाढ आवरून धरणारं टीएससी-२ हे जनुक तुझ्यात बिघडलं आहे. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत असा बिघाड नव्यानेच होतो, आईबापांकडून येत नाही. तुझ्या आईवडिलांच्या तपासणीत तो नव्हता, तेव्हा आजीला सांग की ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. या जनुकाला लागूनच पीकेडी-१ हे दुसरं जनुक असतं. तेही गेलं असतं तर किडन्या लहानपणीच पाण्याच्या गाठींनी भरल्या असत्या. तुझं ते शाबूत आहे.

भीती गाठीची नाही, तिच्यातल्या रक्तवाहिन्यांची. त्या कच्च्या असतात, फुगतात आणि फुटू शकतात. त्याआधी दुखेलच असं नाही, आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिनही बराच काळ नॉर्मल येतं. ‘रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. दर एक ते तीन वर्षांनी पोटाचा एमआरआय, आणि वर्षातून एकदा तरी बीपी व किडनीचं काम तपासायचं, तेही आयुष्यभर. सोनोग्राफी स्वस्त पडते, पण कमी चरबीच्या गाठी तिच्यात निसटतात.

गाठ ३ सेंटीमीटरच्या वर जाऊन वाढू लागली, तर त्रास नसतानाही एव्हरोलिमससारखी गोळी सुरू करतात. २०१२ मध्ये अमेरिकेत या गाठींसाठी तिला मान्यता मिळाली. तिचं मूळ औषध, सिरोलिमस, ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूतून मिळालं आणि माँट्रियलमध्ये ते वेगळं करणारे सुरेंद्रनाथ सहगल आपल्या उपखंडातले. (मला हे सांगायला फार आवडतं, चालवून घे.) गोळीने तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, जंतुसंसर्ग पटकन होतो. गाठी आकसतात, पण गोळी थांबवली की बहुधा पुन्हा वाढतात. त्यामुळे मनाने बंद करायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाएकी कमरेच्या बाजूला जोरात दुखलं, लघवी लाल झाली किंवा गरगरलं, तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठ. तिथे मोठी गाठ बघून कुणीतरी ‘किडनी काढून टाकू’ म्हणण्याची शक्यता आहे. तेव्हा विचार, ‘एम्बोलायझेशन होईल का?’ मांडीतून नळी घालून रक्तस्राव होणारी वाहिनीच बंद करता येते. दुसऱ्या किडनीतही गाठी आहेत, त्यामुळे तुझ्या बाबतीत चांगला राहिलेला एकेक तुकडा मोलाचा. काढण्यावाचून इलाज नसतो असे प्रसंग असतात, पण थोडे. गाठ कर्करोगाची वाटली, तरी बहुतेक वेळा आधी बायोप्सी करता येते. आजाराचं नाव आणि ‘दोन्ही किडन्यांत एएमएल’ एवढं लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेव, रूममेटलाही सांगून ठेव.

पाळीत दुखतं म्हणून हॉस्टेलवरच्या मैत्रिणीची पेनकिलर घेऊ नकोस, पॅरासिटॅमॉल चालेल. पाळी नियमित करायला कुणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊ केल्या, तर आधी मला कळव. या आजारात बायकांच्या फुफ्फुसांनाही त्रास होऊ शकतो आणि इस्ट्रोजेनने तो बळावण्याची भीती असते. छातीचा एक सीटी स्कॅनही करायचाच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत ये. जुन्या एमआरआयच्या सीडी आण, नुसते रिपोर्ट नकोत. गाठी किती वाढल्या ते मला स्वतः मोजायचं आहे.

तुझी,
डॉक्टरमावशी