वाचकांचे प्रश्न: दवाखान्यातला संगणक आणि कामाची आखणी

प्रश्न: डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून सहा वर्षं बेळगावात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. नवं सॉफ्टवेअर बसतंय आणि दवाखान्याच्या बाजूने ते बघायचं काम माझ्यावर आलंय. कंपनीचा माणूस ‘स्कोप’, ‘यूएटी’, ‘गो-लाइव्ह’ असं बोलतो. आधी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स करू का? (एक वाचिका, खानापूर)

उत्तर: कोर्सची घाई नको. हातात आलेल्या कामातच हा विषय चांगला शिकता येतो, आणि लॅबमधली सहा वर्षं ही तुमची मोठी शिदोरी आहे. नमुना नेमका कुठे अडतो हे कंपनीच्या माणसापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

स्कोप म्हणजे कामाची हद्द. ती एका कागदावर लिहा: काय बदलायचं, या खेपेला काय करायचं नाही, शेवटचा शब्द कोणाचा, आणि काम झालं हे कशावरून मोजायचं. उदाहरणार्थ, ‘ओपीडीच्या २० तपासण्यांचे रिपोर्ट डॉक्टरांच्या पडद्यावर दिसावेत, आयसीयू आणि बाहेरची कलेक्शन सेंटरं दुसऱ्या टप्प्यात.’ मोजमापासाठी जुनी पद्धत चालू आहे तोवरच सात दिवस वहीत नमुना घेतल्याची आणि रिपोर्टवर सही झाल्याची वेळ लिहून ठेवा. नवं सुरू झाल्यावर हे आकडे परत मिळत नाहीत. कागदावर वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्या. सही नसली की दर आठवड्याला ‘तेवढं जरा घाला’ म्हणत काम वाढत जातं आणि तारीख मात्र तीच राहते.

मग एका नमुन्यामागोमाग चाला: केस पेपर, बिल, रक्त घेणं, बारकोड, मशीन, तपासून सही, प्रिंट. नमुना किंवा कागद जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तिथे खूण करा. चुका बहुतेक त्याच जागी होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, डेटा डिक्शनरी. साध्या तक्त्यात प्रत्येक रकान्याचं नाव, अर्थ, एकक, चालणाऱ्या किमती, भरणारा माणूस आणि सक्तीचा आहे की नाही एवढं लिहायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण प्रकल्प इथेच तरतो किंवा बुडतो. प्लेटलेटचंच बघा. एक मशीन २१० छापतं (हजारांत), दुसरं २.१० (लाखांत) आणि हाताने टाइप केलेल्या रिपोर्टवर असतं २,१०,०००. रुग्ण एकच, रक्त एकच. तिन्ही आकडे एका रकान्यात पडले तर डेंग्यूच्या रुग्णाचा आलेख पडद्यावर कोसळलेला दिसेल. म्हणून साठवायचं एकक एकच ठरवा, प्रत्येक मशीनसाठी कितीने गुणायचं ते लिहा, आणि दर मायक्रोलिटरला १,००० पेक्षा कमी आकडा आला तर संगणकाने थांबवून विचारावं असा नियम घाला. टीएसएच या थायरॉइडच्या तपासणीचं उत्तर कधी ‘०.०१ पेक्षा कमी’ असं, म्हणजे ‘<’ या खुणेसकट येतं. रकाना फक्त आकडे घेणारा असेल तर ते उत्तर नाकारलं जातं, किंवा खूण गळून नुसतं ०.०१ उरतं. खुणेसाठी वेगळा रकाना मागून घ्या.

वेळापत्रक करताना कामाचे १ ते ५ दिवसांचे तुकडे पाडा आणि कोणतं काम कोणावर अडून आहे ते लिहा. लॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ मशीन जोडण्यात जातो, कारण मशीनची कंपनी वेगळी, सॉफ्टवेअरची वेगळी, आणि मशीनचा इंजिनिअर आपल्या सोयीने येतो. त्याची तारीख पहिल्याच आठवड्यात मागा आणि मशीन माहिती कोणत्या पद्धतीने पाठवतं त्याची पुस्तिका लेखी मिळवा.

यूएटी म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः घेतलेली परीक्षा. ३० नमुने जुन्या आणि नव्या दोन्ही मार्गांनी काढून ताडून बघा. त्यात गोठलेला नमुना, रद्द केलेली तपासणी, दुसऱ्यांदा लावलेली तपासणी आणि सही झाल्यावर दुरुस्त केलेला रिपोर्ट असायलाच हवा. सरळ नमुन्यांवर कोणतंही सॉफ्टवेअर पास होतं. गो-लाइव्ह म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात. ती सोमवारी नको, ओपीडी भरलेली असते. गणपती-दिवाळीच्या आसपासही नको, निम्मे लोक रजेवर असतात. वीज किंवा नेटवर्क गेलं तर लागणारे छापील फॉर्म फाइलमध्ये तयार ठेवा आणि नंतर ते संगणकात कोण भरणार, त्याचं नाव आधीच ठरवा.

प्रश्न: नोंदणीच्या खिडकीवर बसतो. एकाच पेशंटचे तीन-तीन नंबर निघतात. साहेब म्हणतात, आधार घ्या म्हणजे प्रश्न सुटेल. खरंच सुटेल का? (एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर: एका क्रमांकाने सुटणार नाही, कारण कागद घरी विसरलेला पेशंटही रोज येणारच. आपल्या भागात याचं कारण नावातच आहे. ‘मारुती’, ‘ज्योती’, ‘गणपती’ यांतला ‘ती’ मराठी वळणाचा माणूस इंग्रजीत नुसत्या ‘टी’ने लिहितो, कन्नड वळणाचा ‘टीएच’ने. चंदगड-गडहिंग्लजकडचा पेशंट स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं सांगतो. इकडच्या अनेक कार्डांवर नावासोबत फक्त आद्याक्षर असतं. जन्मतारखेवरही विसंबू नका. शाळेत घालताना लावलेली १ जून हीच तारीख कितीतरी जणांची आहे. मोबाइल तर अख्ख्या घराला एक.

म्हणून स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव यांचे चार वेगळे रकाने ठेवायला सांगा. नवा नंबर काढण्याआधी शोध सक्तीचा हवा: नावाची पहिली तीन अक्षरं, गाव, आणि वय दोन वर्षं मागेपुढे. ‘टी’ आणि ‘टीएच’ शोधताना एकच धरावेत, हे कंपनीला लेखी द्या. आभा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, १४ आकडी असतो आणि तो ऐच्छिक आहे. पेशंटने दिला तर जरूर नोंदवा, नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका. योजनेचाही रकाना वेगळा असू द्या. खिडकीवर कर्नाटकची आयुष्मान योजनाही येते आणि महाराष्ट्राची महात्मा फुले योजनाही.

जुने नंबर जोडताना मात्र फार जपून. संगणकाने संशयित जोड्यांची यादी द्यावी, दोघांनी बघून मगच जोडावं, आणि जोडलेलं परत सोडवता आलं पाहिजे. दोन नंबर राहिले तर फाइल शोधायला वेळ जातो. दोन माणसं एक झाली तर एकाची औषधाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते.

प्रश्न: ३०० रुग्णांची माहिती आणि जनुकांची यादी घेऊन संशोधन करायचंय. गाइड म्हणतात एक्सेल पुरे. (संशोधक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर: एक्सेल जनुकांची नावं तारखांत बदलून टाकतं. ‘सेप्ट २’ लिहिलं की २ सप्टेंबर होतं. हा घोळ इतका वाढला की जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशी काही नावंच बदलली. नावं भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. रुग्णांच्या नोंदींसाठी तुमच्या संस्थेकडे रेडकॅप (संशोधनाची माहिती भरून ठेवायचं सॉफ्टवेअर) आहे का विचारा. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद त्यात आपोआप राहते.

वेळापत्रकात नैतिकता समितीला भरपूर जागा ठेवा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं नीट वाचा. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत लागतं, म्हणजे इथे मराठी आणि कन्नड दोन्ही. इंग्रजीत एक वाक्य बदललं की दोन्ही भाषांतरं बदलून पुन्हा समितीकडे जातात. हे विसरल्याने मराठीत दुसरी आवृत्ती आणि कन्नडमध्ये पहिलीच, असं होऊन गोळा केलेली माहिती वापरता येत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापा, जुने कागद त्याच दिवशी फाइलमधून काढा.

प्रश्न: पीएमपी की सीएपीएम? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: ही दोन्ही प्रोजेक्ट मॅनेजमेंटची प्रमाणपत्रं. बारावीनंतर २३ तासांचं प्रशिक्षण घेतलं की सीएपीएमला बसता येतं. पीएमपीला चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. अनुभव नसेल तर आज सीएपीएमच. सोबत एफएचआयआर (आरोग्याची माहिती एका संगणकातून दुसऱ्यात पाठवण्याची ठरलेली पद्धत) मधले ‘पेशंट’ आणि ‘ऑब्झर्वेशन’ हे दोन साचे शिका, लॉइंक या तपासण्यांच्या ठरलेल्या कोडांच्या यादीत हिमोग्लोबिनचा कोड शोधून बघा, आणि सिंथिया या मोफत साधनाने तयार केलेल्या काल्पनिक रुग्णांवर सराव करा. खऱ्या पेशंटची फाइल सरावासाठी घरी नेऊ नका, नाव खोडूनसुद्धा नाही. छोट्या गावात वय, आजार आणि वाडीचं नाव एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.