एका डिस्कवर दोन व्हीएम

या महिन्यात व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्याबद्दल, म्हणजे मायग्रेशनबद्दल, सहा पत्रं आली. सहाही जणांनी विषयाच्या ओळीत ‘मायग्रेशन बिघडलं’ असंच लिहिलंय. वाचून पाहिलं तर तिघांचं मायग्रेशन ठणठणीत आहे, दुखणं डिस्कचं आहे. व्हीएम हलते म्हणजे तिची मेमरी हलते. डिस्क बहुतेक वेळा जिथल्या तिथेच असते, फक्त मालक बदलतो. तो मालक खरंच बदलला का, हे मात्र कोणी पाहत नाही. पहिलं पत्र त्याचंच, आणि त्याला मी जरा जास्त जागा देणार आहे.

प्रश्न : ताई, नागपूरजवळ हिंगण्याला आमचा छोटा कारखाना आहे. केव्हीएमवर व्हीएम चालवणारे दोन लिनक्स सर्व्हर, दोघांना मिळून एक आयस्कझी (नेटवर्कवरून जोडलेलं) स्टोरेज, त्यावर डिस्कचे भाग पाडणारं एलव्हीएम, प्रत्येक व्हीएमला असा एक भाग, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. पहिल्या सर्व्हरवर भार वाढला म्हणून हिशेबाची व्हीएम चालू असतानाच दुसऱ्यावर नेली. कोणाला कळलंही नाही. बारा दिवसांनी रात्री लाइट गेली, पहिल्या सर्व्हरचा यूपीएस बसला. सकाळी तो सर्व्हर परत चालू केला. दुपारपासून नवीन नोंदी कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. संध्याकाळी डिस्क रीड-ओन्ली झाली. घाबरून व्हीएम बंद केली, तर दुसऱ्या सर्व्हरच्या यादीतून ती गायबच झाली ना बाप्पा! मायग्रेशनमध्ये काय चुकलं?

उत्तर : मायग्रेशन नीट झालं. तुम्ही दोन शब्द टंकायचे विसरलात, कोणते ते पुढे सांगते. विर्शची (व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टला आज्ञा देण्याच्या साधनाची) मायग्रेट आज्ञा नुसती ‘लाइव्ह’ म्हणून दिली की मुलगी सासरी जाते, पण रेशनकार्डावर नाव माहेरीच राहतं आणि सासरच्या कार्डावर चढत नाही. दुसऱ्या सर्व्हरवर तुमची व्हीएम चालत होती, पण तिची व्याख्या, म्हणजे तिच्या मेमरी-डिस्क-नेटवर्कची लिहून ठेवलेली माहिती, तिथे साठवलेलीच नव्हती. अशी व्हीएम बंद झाली की यादीतूनही जाते. विर्श डॉमइन्फो चालवलं असतं तर ‘पर्सिस्टंट’पुढे ‘नो’ दिसलं असतं. बारा दिवस ती ओळ तिथेच होती.

आता माहेरचं. पहिल्या सर्व्हरवर जुनी व्याख्या तशीच, आणि माझी पैज आहे की तिच्यावर ऑटोस्टार्ट लावलेलं होतं. सकाळी सर्व्हर उठला, त्यानं इमानदारीत हिशेबाची व्हीएम सुरू केली. त्याला काय माहीत की तीच व्हीएम पलीकडे चालू आहे? एका म्यानात दोन तलवारी. दोघींचा आयपी एक, मॅक पत्ताही (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) एक. नेटवर्कचा स्विच बिचारा तो पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर शिकत बसला. म्हणून तुमच्या कारकुनाची नोंद एकीत गेली आणि साहेबांना दुसरी दिसली. स्विचचा लॉग काढा, तो मॅक पत्ता इकडून तिकडे उड्या मारताना दिसेल. साक्षीदार म्हणून तो लॉग जपून ठेवा.

डिस्कवर मात्र याहून वाईट घडत होतं. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएससारखी फाइल सिस्टीम असं धरून चालते की डिस्कवर लिहिणारी मी एकटी. ती आपला नकाशा मेमरीत ठेवते आणि डिस्कवरचा परत परत वाचत नाही. दोघी एकाच वेळी लिहू लागल्या की एकीला जो ब्लॉक रिकामा वाटतो, त्यात दुसरीनं काल बिल ठेवलेलं असतं. संध्याकाळी डिस्क रीड-ओन्ली झाली हे तुमचं नशीब. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) नकाशातला घोळ दिसला आणि त्यानं हात वर केले. रात्रभर चालली असती तर काय उरलं असतं, विचारू नका.

आता काय करायचं? दोन्ही सर्व्हरवर ती व्हीएम बंद आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग त्या लॉजिकल व्हॉल्यूमची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा आणि सगळे प्रयोग त्या नकलेवर करा. एफएसचेक (फाइल सिस्टीम तपासणारी आज्ञा) आधी ‘फक्त बघ, दुरुस्त करू नको’ या पद्धतीनं, म्हणजे उणे एन लावून चालवा. चुकांची यादी पानभर आली तर दुरुस्तीचा नाद सोडा आणि त्या सकाळच्या आधीचा बॅकअप चढवा. डेटाबेसच्या फायली वरून शाबूत दिसल्या तरी विश्वास ठेवू नका. डंप (डेटाबेसमधून वेगळी काढलेली प्रत) असेल तर डेटाबेस डंपवरूनच उभा करा. त्या एका दिवसाच्या नोंदी कागदी बिलांवरून परत घालाव्या लागतील. कारकुनाला चहा पाजा.

नकलेवर काम करा हे मी इतकं ठासून का सांगते? २०११ साली हाच घोळ मी स्वतः घातला होता. पोळ्याचा दुसरा दिवस, नागपूरच्या महाल भागात मारबतीची मिरवणूक, रस्ते बंद. ग्राहकाच्या ऑफिसपर्यंत पायी गेले. बाहेर ‘घेऊन जा गे मारबत’ चालू, आत मी घाम पुसत मूळ डिस्कवरच एफएसचेक चालवलं, तेही प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’ म्हणत. वीस मिनिटांत दुरुस्त. फाइल सिस्टीम एकदम स्वच्छ! आणि ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये हजारो फायली, नावाच्या जागी नुसते आकडे. त्यातली पगारपत्रकं कोणती आणि चलनं कोणती, हे शोधण्यात पुढचे चार दिवस गेले. नक्कल काढायला जेमतेम तासभर लागला असता.

पुन्हा होऊ नये म्हणून : मायग्रेट करताना ‘पर्सिस्टंट’ आणि ‘अनडिफाइन सोर्स’ हे दोन्ही पर्याय द्या. पहिल्यानं सासरच्या कार्डावर नाव चढतं, दुसऱ्यानं माहेरचं कटतं. व्हीएम आधीच अशी हलवून ठेवली असेल आणि अजून चालू असेल, तर ती बंद करण्याआधी डंपएक्सएमएलनं तिची व्याख्या काढून त्याच सर्व्हरवर डिफाइन करा, मग जुन्या सर्व्हरवर अनडिफाइन. नुसत्या अनडिफाइननं डिस्क पुसली जात नाही. पण त्याच्यासोबत ‘रिमूव्ह ऑल स्टोरेज’ लावलंत तर जाते, तिथे बोट जपून.

‘व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं क्यूईएमयू तर स्वतःच डिस्कला कुलूप लावतं ना?’ असं तुमच्यातला कोणीतरी विचारेल. लावतं, २०१७ मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीपासून. पण ते कुलूप फायलीसाठी कामाचं. तुमच्यासारख्या आयस्कझीवरच्या ब्लॉक डिस्कला ते ज्या त्या सर्व्हरपुरतंच राहतं, पलीकडच्याला दिसत नाही. त्यासाठी लिबव्हर्टचा व्हर्टलॉकडी किंवा सॅनलॉक हा कुलपांचा रखवालदार बसवावा लागतो. व्हर्टलॉकडीच्या कुलपांचा फोल्डर दोन्ही सर्व्हरना दिसेल अशा जागी ठेवा, एनएफएस (नेटवर्कवरून वाटलेला फोल्डर) चालेल. तो ज्याच्या त्याच्या डिस्कवर ठेवला तर कुलूप दाराच्या आतल्या बाजूनं लावल्यासारखं होतं. हे बसवल्यावर दुसरी व्हीएम सुरूच होत नाही, सरळ चूक दाखवते.

प्रश्न : सदरमधल्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. जुन्या सर्व्हरच्या सहा व्हीएम नव्यावर डिस्कसकट आणल्या. नव्यावर ५०० जीबीचा थिन पूल (लागेल तशी जागा देणारा साठा), प्रत्येकीला २०० जीबीची डिस्क. पाचवी आणताना सगळ्याच ‘पॉज्ड’ झाल्या. रिझ्यूम केलं की दोन मिनिटांत परत पॉज. मायग्रेशनचा बग आहे का?

उत्तर : सहा गुणिले दोनशे किती? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

थिन पूलमध्ये वचन १२०० जीबीचं दिलंत आणि जागा ५०० ची. वापर कमी असेल तोवर हे चालतं. पण डिस्क पूर्ण नकलून आणताना रिकामी जागाही पुष्कळदा शून्यं म्हणून लिहिली जाते आणि पूल खाऊन टाकते. एलव्हीएस आज्ञेत ‘डेटा’चा टक्का बघा, शंभर दिसेल. शेजारचा ‘मेटा’चा (पूलच्या स्वतःच्या हिशेबाच्या जागेचा) टक्काही बघा. तो भरला तर प्रकरण जास्त गंभीर.

तुमच्या व्हीएम पॉज झाल्या ही चांगली गोष्ट आहे. क्यूईएमयूनं ‘जागा नाही’ हे ऐकलं आणि गेस्टला (व्हीएमच्या आतल्या सिस्टीमला) चूक कळू न देता त्याला जागच्या जागी थांबवलं. त्यांना रीसेट करू नका. आधी नवीन डिस्क जोडून पूल वाढवा, मग रिझ्यूम. अडलेलं लिखाण परत होतं आणि गेस्टला झोपमोड झाल्याचंही कळत नाही. त्यानंतर डिस्कला ‘डिस्कार्ड अनमॅप’ लावा, त्यासाठी व्हीएम एकदा बंद-चालू करावी लागेल, आणि गेस्टमध्ये एफएसट्रिम चालवा. शून्यांनी खाल्लेली जागा बरीचशी परत येते.

एलव्हीएमच्या सेटिंगमध्ये पूल आपोआप वाढवण्याचा उंबरठा मुळात १०० असतो. १०० म्हणजे बंद, हे कोणी सांगत नाही. तो ८० करा. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूल ज्यातून जागा घेतो त्या डिस्कांच्या गटात) मोकळी जागाही ठेवा, नाहीतर वाढवायला आणणार कुठून?

प्रश्न : ६४ जीबी मेमरीची डेटाबेस व्हीएम. मायग्रेशन ९५-९८ टक्क्यांवर जातं, परत खाली येतं, तासन्‌तास तेच. (मिहानमधून)

उत्तर : कूलरची टाकी धुवायला तुम्ही खालची तोटी उघडली, पण वरून नळ चालूच. तोटीपेक्षा नळाची धार जाड असेल तर टाकी रिकामी कशी होणार? लाइव्ह मायग्रेशन आधी सगळी मेमरी पाठवतं, मग दरम्यान बदललेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) परत पाठवतं, मग त्यातली बदललेली. उरलेला तुकडा एका झटक्यात नेता येईल इतका लहान झाला की व्हीएम क्षणभर थांबवून पलीकडे सुरू करतं. तो क्षण मुळात ३०० मिलिसेकंदांचा ठरवलेला असतो.

एक गिगाबिटच्या केबलनं सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. म्हणजे ६४ जीबीच्या पहिल्या फेरीलाच दहा मिनिटं, आणि तुमचा डेटाबेस तेवढ्या वेळात परत तितकंच लिहून मोकळा. विर्शच्या डॉमजॉबइन्फो आज्ञेत उरलेली मेमरी कमी होतेय की एकाच आकड्याभोवती घिरट्या घालतेय ते बघा. घिरट्या असतील तर थांबण्याची मुदत एक-दोन सेकंदांपर्यंत वाढवा, किंवा ऑटो-कन्व्हर्ज लावा. ते गेस्टच्या सीपीयूला लगाम घालतं, तेवढा वेळ डेटाबेस मंद चालेल. पोस्टकॉपी नावाचा तिसरा मार्ग आहे. त्यात व्हीएम आधी पलीकडे जाते आणि मेमरी मागून येते. मधेच केबल तुटली तर व्हीएम मरण्याची भीती असते, म्हणून डेटाबेससाठी मी तो वापरत नाही. खरं सांगू? दोन सर्व्हरांमध्ये दहा गिगाबिटची एक थेट केबल टाका आणि मायग्रेशन रात्री अकरानंतर करा.

प्रश्न : ‘अनसेफ मायग्रेशन’ म्हणून नकार येतो. ‘अनसेफ’ पर्याय दिला की होतं. देऊ का?

उत्तर : नको. डिस्कची कॅशे ‘राइटबॅक’ असेल. म्हणजे होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर) आपल्या मेमरीत डिस्कची प्रत धरून बसतो. पलीकडच्या होस्टकडे त्याच डिस्कची आधीची, शिळी प्रत असेल तर व्हीएम तिथे गेल्यावर तेच शिळं वाचेल. कॅशे ‘नन’ करा, व्हीएम एकदा बंद-चालू करा, नकार जाईल. नव्या क्यूईएमयूत ही कॅशे आपोआप टाकून दिली जाते, त्यामुळे हा नकार दिसला म्हणजे तुमची क्यूईएमयू-लिबव्हर्टची जोडी जुनी आहे, तेही बघा.

प्रश्न : नव्या सर्व्हरवरून जुन्यावर व्हीएम जात नाही, सीपीयूची फीचर्स नाहीत म्हणतो.

उत्तर : ‘होस्ट पासथ्रू’ (व्हीएमला सर्व्हरचा सीपीयू जसाच्या तसा दाखवणारं सेटिंग) काढा. दोन्हींपैकी जुन्या सीपीयूला झेपेल असं नावाचं मॉडेल द्या आणि व्हीएम बंद करून परत चालू करा. नुसतं गेस्टच्या आतून रीबूट पुरत नाही.

प्रश्न : आमचं मायग्रेशन सकाळी होतं, दुपारी दोन-तीनला हमखास तुटतं. एप्रिलपासून सुरू झालंय. खोली वरच्या मजल्यावर, वर टिनाचं छत, थंडाव्यासाठी कूलर लावलाय. लॉगमध्ये फक्त ‘कनेक्शन तुटलं’. (इतवारीतून)

उत्तर : वेळेवरूनच अर्धं उत्तर मिळालं. नागपूरच्या मे महिन्यात टिनाखाली कपाटावर ठेवलेला स्विच काय तापत असेल! मायग्रेशन म्हणजे सलग कित्येक मिनिटं केबल पूर्ण भरून धावणं. एरवी ई-मेल, प्रिंट असल्या किरकोळ वाहतुकीत खपून जाणाऱ्या चुका तिथे उघड्या पडतात. सकाळी आणि दुपारी ईथटूल आज्ञेनं नेटवर्क कार्डाचे चुकांचे आकडे काढून शेजारी शेजारी मांडा. सीआरसीचा (वाटेत बिघडून पोचलेल्या पॅकेटांचा) आकडा दुपारी पळत असेल तर स्विच, केबल, कार्ड या क्रमानं बदलून बघा. खोलीचं तापमान साध्या थर्मामीटरनं मोजा, एका सेन्सरवर विसंबू नका. मे २०२४ मध्ये आपल्याच शहराचं तापमान ५६ अंश दिसलं आणि नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला, ते आठवत असेल.

आणि कूलर! वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा आपल्याला स्वर्ग, पण सर्व्हरसाठी ती दमट आणि आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार घेऊन येणारी. एका ग्राहकाकडे मी कार्ड बाहेर काढलं तेव्हा सोनेरी दातांवर पांढरी पूड बसली होती, नखानं खरवडली तर निघाली. छोटा का होईना एसी घ्या, स्विच कपाटावरून खाली उतरवा, आणि तो कूलर आजच तुमच्या टेबलाजवळ हलवा.