आईच्या कानाचं भोक झुमक्यांनी ओघळून पाळी फाटली आहे. बेळगावात काय करावं?

टाकेच घालावे लागतील. फाटलेल्या कडांवर कातडी आलेली असते, त्या नुसत्या चिकटवून जुळत नाहीत. प्लास्टिक सर्जन कडा किंचित कापून ताज्या करतो, मग शिवतो. भूल फक्त कानाच्या पाळीला देतात. आमच्या काकू खानापूरहून सकाळी गेल्या, दुपारी घरी. टाके साधारण आठवड्याने काढतात. नवं भोक निदान 6 आठवड्यांनी, तेही व्रणाच्या शेजारी. व्रणातच टोचलं तर पुन्हा फाटतं. जुना व्रण फुगून गाठ झाली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

भोक नुसतं लांबलं असेल तर सध्या हलक्या कुड्या घाला. लग्नाला झुमके हवेतच? मग वेल लावा, भार केसांवर जातो.