‘इलिनॉयचे सिनेटर’ म्हणजे नेमके कुठले?

प्रश्न असा आला आहे: बराक ओबामांच्या एका छोट्या परिचयाचं मराठी भाषांतर चाललं आहे. त्यात सुरुवातीला ‘१९९७ साली ते इलिनॉयचे सिनेटर झाले’ असं वाक्य येतं आणि चार ओळींनंतर ‘२००५ साली ते इलिनॉयचे सिनेटर झाले’. मजकूर वाचणाऱ्याने विचारलं, म्हणजे मधे पडले होते का? तेव्हा पहिल्या ठिकाणी ‘विधान परिषदेचे आमदार’ लिहिलं तर चालेल का, की ‘राज्य सिनेटर’ बरं?

मधे ते पडले होते हे खरंच आहे, पण तिसऱ्याच निवडणुकीत. त्याकडे नंतर येतो.

घोटाळा ‘सिनेटर’ या शब्दाने केलेला नाही, ‘चे’ने केला आहे. अमेरिकेत सिनेट दोन पातळ्यांवर असते. एक वॉशिंग्टनची, तिथे प्रत्येक राज्यातून दोघे असे शंभर जण बसतात. शिवाय जवळजवळ प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात एक सभागृह असतं आणि त्याचंही नाव सिनेटच. इलिनॉयच्या या सिनेटमध्ये ५९ सदस्य आहेत आणि ती स्प्रिंगफिल्डला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, भरते. ओबामा १९९७ ते २००४ या काळात स्प्रिंगफिल्डच्या सिनेटमध्ये होते आणि २००५ पासून वॉशिंग्टनच्या. दोन्ही वेळा ‘इलिनॉयचे’ हे विशेषण व्याकरणाने बरोबर, आणि म्हणूनच निरुपयोगी.

आपल्याकडे ही अडचण येत नाही, कारण ‘साताऱ्याचे आमदार’ आणि ‘साताऱ्याचे खासदार’ म्हटलं की कोण मुंबईला जातो आणि कोण दिल्लीला, हे नाम स्वतःच सांगतं. षष्ठीला काही काम उरत नाही. ‘सिनेटर’ हे नाम मात्र ते सांगत नाही, आणि सगळा भार प्रत्ययावर पडतो. मग प्रत्ययच बदलावा. ‘इलिनॉयमधून सिनेटवर निवडून गेले’ म्हणजे वॉशिंग्टन. ‘इलिनॉयच्या राज्य सिनेटवर निवडून गेले’ म्हणजे स्प्रिंगफिल्ड. ‘मधून’ आणि ‘च्या’, एवढ्यावर काम भागतं.

‘राज्य सिनेटर’ हा सुटा शब्द मला नको वाटतो. मराठीत ‘राज्यमंत्री’ म्हणजे राज्याचा मंत्री नव्हे. कॅबिनेट मंत्र्याच्या खालच्या दर्जाचा मंत्री, मग तो मुंबईत असो की दिल्लीत. त्या चालीवर ‘राज्य सिनेटर’ वाचणाऱ्याला हा सिनेटरांमधला धाकटा असावा असं वाटलं तर दोष त्याचा नाही. ‘राज्य सिनेटचे सदस्य’ लिहा. एक शब्द जास्त जातो, जाऊ द्या.

आता ‘विधान परिषदेचे आमदार’. मोह समजतो: दोन सभागृहं, त्यातलं वरचं, म्हणजे परिषद. पण आपल्या परिषदेवर माणूस जातो कसा ते आठवा. महाराष्ट्राच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपालनियुक्त, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या, उरलेल्या विधानसभेचे आमदार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य भरतात. गल्लीतला साधा मतदार कुठेच नाही. इलिनॉयच्या सिनेटवर मात्र मतदारसंघातले सगळे मतदार थेट निवडून देतात. ओबामांचा तेरावा मतदारसंघ शिकागोच्या दक्षिण भागातला, हाइड पार्क धरून. अधिकारातही साम्य नाही. आपली परिषद अर्थविषयक विधेयक फार तर चौदा दिवस अडवून धरू शकते. तिथल्या सिनेटच्या संमतीशिवाय विधेयकच पुढे जात नाही, आणि राज्यपालांनी केलेल्या नेमणुकांनाही तिची मान्यता लागते. ‘विधान परिषद’ लिहिलंत की वाचकाच्या मनात मागच्या दाराने आलेला माणूस उभा राहतो. ओबामा पुढच्या दाराने आले होते.

नेब्रास्कात तर ही उपमा पार कोलमडते. तिथे १९३७ पासून विधिमंडळाला एकच सभागृह आहे, ४९ सदस्यांचं, आणि त्या सदस्यांना म्हणतात सिनेटर. वरचं-खालचं काही नाहीच.

नुसतं ‘आमदार’ लिहायला माझी हरकत नाही. आम आणि खास ही जोडी दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खासमधली, आणि ‘दार’ म्हणजे धारण करणारा: जमीनदार, ठाणेदार, सुभेदार. पण आजचा अर्थ व्युत्पत्तीतून काढू नका. आज मराठीत ‘आमदार’ म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य, सभागृह कुठलंही असो. आणि ‘खासदार’ म्हणजे संसदेचा. हिंदीत विधायक आणि सांसद आहेत, पण विधान परिषदेच्या सदस्याला तिथे सहसा ‘एमएलसी’ किंवा ‘विधान पार्षद’ असं वेगळं म्हणतात. आपला ‘आमदार’ दोघांना एका पंगतीला बसवतो. म्हणून ‘इलिनॉयचे आमदार ओबामा’ हे वाक्य चूक नाही, थोडं घरगुती आहे इतकंच.

घरगुती शब्द कधी कधी जास्त नेमका ठरतो, त्याचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२० साली मिशिगन राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले आणि २०२२ साली डेट्रॉइटमधून अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी जी लढत झाली, तीत त्यांनी मागे टाकलेल्यांमध्ये ॲडम हॉलियर हे मिशिगन सिनेटचे सदस्य होते. ‘राज्य प्रतिनिधीने सिनेटरला हरवलं’ असं लिहिलं तर उंदराने सिंहाला लोळवल्यासारखं वाचलं जातं. प्रत्यक्षात एकाच विधिमंडळाचे दोन विद्यमान आमदार एका खासदारकीसाठी लढत होते. हे आमदार-खासदारात सांगितलं की प्रसंग आपोआप योग्य मापाचा होतो. (‘ठाणेदार खासदार झाले’ या वाक्यात दोन ‘दार’ लागोपाठ उघडतात. आणि ‘श्री’ हे त्यांचं नावच असल्यामुळे मुद्रितशोधक त्यापुढे टिंब देऊन ते आदरार्थी करून टाकतात, तेही सांभाळा.)

‘सिनेट’ शब्दाबद्दल एक गोष्ट. मुंबई-पुण्यात नुसतं ‘सिनेट निवडणूक’ म्हटलं तर माणसाला विद्यापीठ आठवतं. कायद्यातला शब्द ‘अधिसभा’, पण बोलण्यात आणि बातम्यांत सिनेटच. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटातल्या दहाही जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या, तेव्हा सगळीकडे ‘सिनेट’ हाच शब्द होता. त्यामुळे परिचयाच्या पहिल्या उल्लेखात तरी ‘राज्य’ किंवा ‘विधिमंडळ’ यापैकी एक शब्द शेजारी हवाच. मूळ लॅटिन शब्द ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, यातून निघालेला, म्हणजे सिनेट ही वडीलधाऱ्यांची सभा. आपल्या ‘सनातन’मधला ‘सन’ही याच कुळातला. इलिनॉयला मात्र हे कुळ फारसं आठवत नाही: तिथे एकवीस वर्षं पुरी झाली की सिनेटची निवडणूक लढवता येते, आपल्या परिषदेला तीस लागतात. ओबामा निवडून आले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते.

भाषांतरात पुढे त्यांच्या निवडणुका येणारच, आणि तिथे खरे खड्डे आहेत. १९९५ साली तेराव्या मतदारसंघाच्या विद्यमान सदस्य ॲलिस पामर काँग्रेसच्या पोटनिवडणुकीत उतरल्या, म्हणून त्यांच्या जागेसाठी ओबामा उभे राहिले. पामर पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीतच जेसी जॅक्सन धाकटे यांच्याकडून हरल्या आणि आपली जुनी जागा परत मागू लागल्या. ओबामांनी माघार घेतली नाही. उमेदवारी अर्जासोबत मतदारांच्या सह्या जोडाव्या लागतात; त्यांच्या माणसांनी पामर आणि इतर तिघांच्या सह्या एकेक करून तपासल्या, हरकती घेतल्या, आणि चौघेही स्पर्धेतून बाहेर पडले. इंग्रजीत हे सांगायला एक परिच्छेद लागतो. मराठीत ‘छाननीत चौघेही गळाले’ म्हटलं की ज्याने एखादी ग्रामपंचायत निवडणूक जवळून पाहिली आहे त्याला सगळं कळतं, अगदी निवडणूक कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या गर्दीसकट.

पण इथे ‘ओबामा बिनविरोध निवडून आले’ असं लिहायचा मोह होईल. ती चूक होईल. बिनविरोध मिळाली ती मार्च १९९६ मधली पक्षाची उमेदवारी. नोव्हेंबरच्या निवडणुकीत समोर उमेदवार होते आणि ओबामांना सुमारे ८२ टक्के मतं पडली. पहिल्या टप्प्याला ‘प्राथमिक निवडणूक’ म्हणू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेची आठवण येते. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ही फसवी आहे, कारण त्यातून पक्षाचा अध्यक्ष निवडताहेत असं वाटतं. ‘उमेदवारीची निवडणूक’ म्हणावं. आपल्याकडे तिकीट वरून मिळतं, तिथे ते मतदारांकडून मिळवावं लागतं, आणि हा फरक ‘उमेदवारीची निवडणूक’ या शब्दांत बरोबर पकडला जातो.

२००२ साली मात्र ओबामांसमोर नोव्हेंबरमध्येही कोणी नव्हतं. मग तिथे ‘बिनविरोध’? थांबा. आपल्या कायद्यात रिंगणात एकच उमेदवार उरला की मतदानच होत नाही, निर्वाचन अधिकारी त्याला विजयी घोषित करून मोकळा होतो. इलिनॉयमध्ये अशा वेळीही नाव मतपत्रिकेवर असतं, लोक खूण करतात, मतं मोजली जातात. मी ‘विरोधी उमेदवाराशिवाय’ असं लिहीन. ‘बिनविरोध’ला आपल्याकडे समझोत्याचाही वास येतो, गावकीतल्या बैठकीचा, आणि तो इथे अस्थानी आहे.

आता ती मधली हार. १९९६ ला निवडून आले ते दोन वर्षांसाठी, १९९८ ला चार वर्षांसाठी. इलिनॉयमध्ये सिनेटची मुदत अशी दोन-चार-चारच्या हिशोबात फिरते, म्हणून ‘दर चार वर्षांनी’ असं सरसकट विधान करू नका. चार वर्षांची मुदत हातात असताना २००० साली त्यांनी काँग्रेससाठी तिथले विद्यमान सदस्य बॉबी रश यांना आव्हान दिलं आणि उमेदवारीच्याच निवडणुकीत दुपटीच्या फरकाने पडले: रश ६१, ओबामा ३० टक्के. राज्याच्या सिनेटमधली जागा शाबूत राहिली. ‘पडले’ म्हणायला संकोच नको. ‘पराभूत झाले’ हे वृत्तनिवेदकाचं मराठी. निवडणुकीत माणूस पडतो किंवा त्याला पाडतात. तेव्हा वाचणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर: पडले, पण सिनेटरपद गेलं नाही.

‘राजकीय करिअर’ला ‘कारकीर्द’ ठीक आहे. पूर्वी कारकीर्द राजाची असायची, शाहूंच्या कारकिर्दीत, औरंगजेबाच्या कारकिर्दीत, म्हणजे तो गादीवर असलेला काळ. आता क्रिकेटपटूचीही असते. त्यामुळे नोव्हेंबर २००४ मध्ये राजीनामा देऊन वॉशिंग्टनला जाईपर्यंतच्या आठ वर्षांना ‘इलिनॉयच्या सिनेटमधली कारकीर्द’ म्हणणं जुन्या अर्थालाही धरून आहे. सामान्यरूपात ‘कारकिर्दी’चा ‘कि’ ऱ्हस्व होतो, तेवढं पाहा. ‘निवडणूक इतिहास’ हे मथळ्यातलं रूप मात्र मराठी नाही. ‘आजवरच्या निवडणुका’ म्हणा. आणि मराठीला ‘कितव्यांदा’ हा सुंदर शब्द आहे, जो इंग्रजीत नाही. ‘२००२ साली ते तिसऱ्यांदा निवडून आले’ एवढ्या वाक्यात तो सगळा तक्ता मावतो.

जाता जाता एक जुनी गंमत, कारण ती इलिनॉयचीच आहे. १९१३ पर्यंत वॉशिंग्टनच्या सिनेटरांना राज्यांची विधिमंडळं निवडून देत, जसे आपले आमदार राज्यसभेवर पाठवतात. १८५८ साली इलिनॉयच्या अशाच जागेसाठी लिंकन आणि डग्लस यांनी गावोगाव वादविवाद केले, पण शेवटी मतदान विधिमंडळात झालं आणि डग्लस ५४ विरुद्ध ४६ मतांनी जिंकले. म्हणजे त्या काळी इलिनॉयचे सिनेटर (स्प्रिंगफिल्डचे) इलिनॉयचा सिनेटर (वॉशिंग्टनचा) निवडत. हे वाक्य ‘चे’ने लिहून पाहा, म्हणजे माझी तक्रार पटेल.

शेवटचा खड्डा. मजकुरात पुढे ‘ओबामांनी १२९ वेळा प्रेझेंट मत दिलं’ असं येत असेल, कारण २००८ च्या प्रचारात तो मुद्दा गाजला होता. इलिनॉयमध्ये सदस्यापुढे तीन पर्याय असतात: होय, नाही, आणि ‘प्रेझेंट’. भाषांतरकार सहज ‘तटस्थ राहिले’ लिहितात. विरोधकांनाही तेच म्हणायचं होतं, की गृहस्थ तळ्यात-मळ्यात करतात. पण विधेयक मंजूर व्हायला ५९ पैकी ३० ‘होय’ लागतात, हजर असलेल्यांपैकी निम्मे नव्हे. म्हणजे ‘प्रेझेंट’चा परिणाम ‘नाही’सारखाच होतो. तटावर उभा राहणारा तो तटस्थ. हा तर पाण्यात उतरून प्रवाह अडवतो आहे. मी ‘होय किंवा नाही न म्हणता नुसती उपस्थिती नोंदवली’ असं लिहून पुढे अर्ध्या ओळीत परिणाम सांगेन. ‘१२९ वेळा हजेरी लावली’ असं मात्र होऊ देऊ नका. आधीच वाचणारा चौकस आहे. एरवी दांड्या मारायचे का, असं विचारेल.