डायरी नंबर आला, पण सर्टिफिकेट कुठाय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी शाळेत शिकवते आणि मुलांसाठी एकांकिका लिहिते. बाबांनी त्यांच्या नाटकाची कॉपीराइट नोंदणी केली तेव्हा दोन प्रती आणि डीडी असं पाकीट रजिस्टर पोस्टाने दिल्लीला धाडलं होतं, आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणून मीच घरी बसून फॉर्म भरला, ५०० रुपये कटले, डायरी नंबरही आला, पण दोन आठवडे झाले तरी पुढे काहीच नाही. ओळखीतला एक एजंट म्हणतोय ६,००० द्या, आठ दिवसांत सर्टिफिकेट हातात. देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, मुळीच देऊ नका! आठ दिवसांत ते कुणालाच मिळत नाही, कारण डायरी नंबर पडल्यावर ३० दिवस कुणाची हरकत येते का याची वाट बघायचीच असते, पाकीट पोस्टाने पाठवा नाहीतर वेबसाइटवरून. ई-फायलिंग २०१४ मध्ये सुरू झालं त्याने पोस्टाचे हेलपाटे आणि डीडीसाठीची बँकेतली रांग वाचली, तपासणी मात्र माणूसच करतो. डायरी नंबर म्हणजे अर्ज पोचल्याची पावती, नोंदणी नव्हे, इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. तोच नंबर साइटवर टाकून स्टेटस बघत राहा आणि फॉर्ममध्ये दिलेल्या ईमेलचं स्पॅम फोल्डरसुद्धा उघडा, त्रुटीचं पत्र आलं आणि उत्तर राहिलं तर अर्ज लटकतो. (माझ्या एका मैत्रिणीने मुलाचा ईमेल दिलेला, मुलगा हॉस्टेलवर, पत्र महिनाभर तसंच पडून!)

आणि तोवर कुणी एकांकिका चोरेल म्हणून झोप उडवून घेऊ नका, १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहून झालं की हक्क तुमचाच, नोंदणी सक्तीची नाही. भांडण कोर्टात गेलं तर रजिस्टरमधली नोंद पुरावा म्हणून धरतात, तो तिचा खरा उपयोग.

एक विचारायचं राहिलं, एकांकिकेतली गाणी तुमचीच ना? संगीताच्या सरांनी लिहून दिली असतील तर त्यांची एनओसी लागेल, आजच सही घेऊन ठेवा, बदली झाली की सर शोधत फिरावं लागेल.