धने रगडून पेरायचे असतात

तू विचारलंस की नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झालाय, जर्मन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा पास आहे, जर्मनीत स्टुटगार्टकडच्या एका दवाखान्याचं पत्र आलंय; तर जावं का, आणि तिथं मन लागेल का? तू अंबाजोगाईची, मी केजची. म्हणून जरा पाल्हाळ लावते.

आधी कामाचं. आल्या आल्या तू नर्स नसतेस. परवाना मिळेपर्यंत सहायक म्हणून राबायचं, पगारही कमी. परवान्यासाठी एकतर दवाखान्यातच काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा. नापास झालीस तर ती पुन्हा एकदाच देता येते. भाषा बहुधा पुढच्या पातळीपर्यंत, बी-२ पर्यंत न्यावीच लागते. त्यात इथले म्हातारे पुस्तकातलं जर्मन बोलतच नाहीत, श्वेबिश ही इकडची बोली बोलतात. पहिले दोन महिने मी नुसती मान हलवली. घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायचा. आणि नोकरी लावतो म्हणून लाखांत पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच वाटेला लाव.

मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. पेशंटला अंघोळ घालणं, घास भरवणं, कपडे बदलणं हे सगळं इथे नर्सच करते. लातूरला मी आयसीयूत होते. ही कामं नातेवाईक नाहीतर वॉर्डातल्या मावशी करायच्या. इथे पहिल्या आठवड्यात रात्री आईला फोन करून म्हणाले, ‘मी इथं मावशी झाले गं.’ कसलं बोलणं ते! मावशीचं काम हलकं, असं माझ्या मनात किती मुरलेलं होतं, ते तेव्हा कळलंही नाही.

मन लागण्याचं म्हणशील तर चौदा महिने लागलं नाही. मी सप्टेंबर २०२१ मध्ये आले. डिसेंबरात सव्वाआठला उजाडतं आणि साडेचारला दिवस मावळतो. ड्युटीवर जाताना अंधार, येताना अंधार. त्यात परीक्षेत एकदा नापास. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुट्टीवर घरी आले ती परत जायचंच नाही, असं ठरवून. फक्त परतीचं तिकीट काढलेलं होतं आणि वडिलांना सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पुण्याच्या गाडीत बसले.

मांजरसुंब्याला गाडी बराच वेळ थांबली. हॉटेलासमोर ऊसतोडीला निघालेला एक ट्रक पंक्चर होऊन उभा होता. वर भांडी, ताडपत्री, दोन शेरडं. खाली पन्नाशीची एक बाई उकिडवी बसून चप्पल जमिनीवर घासत होती. पाहिलं तर चपलेखाली धने. एकेका धन्याची दोन फाकं होत होती आणि बाई ती वेचून पदराच्या गाठीत बांधत होती. ट्रक दुरुस्त होईस्तोवर तेवढंच काम उरकत होती.

मी विचारलं, हे कशाला?

‘आख्खा धना लवकर उगवत न्हाई बाई. फडावर ऱ्हायला कोपी घातली की पहिल्या दिशी म्होरं वाफा करती. मेथी, कोथमीर.’

सहा महिन्यांसाठीच ना, मी म्हणाले. मग परत यायचंच आहे.

ती हसली. ‘सा म्हैने बी आपलंच हायत की. पाव्हण्यावानी ऱ्हायलं की दिस मोजावं लागत्यात.’

मग मला विचारलं, तू कुठं चाललीस? जर्मनी म्हणाले तर म्हणाली, ‘तिकडं बी पानी आसंल की.’ आणि मूठभर फाकं माझ्या रुमालात बांधली.

तिचं जिणं गोड होतं असं मी अजिबात म्हणत नाही. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही, आणि बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं ते आपण नर्सबायांनी तरी विसरू नये. एवढं सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी वाफा करायचा तो करायचाच. पुण्यापर्यंत मी चिडूनच होते, खरं सांगते. तिच्यावर नाही, माझ्यावर.

कारण स्टुटगार्टात माझ्या टपालपेटीवर चौदा महिने वहीच्या कागदाचा चिठोरा चिकटवलेला होता. इथे पेटीवर नाव नसेल तर टपाल येत नाही. बाकी सगळ्यांच्या कोरलेल्या पाट्या. जायचंच आहे तर पाटी कशाला, असं म्हणून मी करून घेतली नव्हती. परत आले त्याच आठवड्यात घेतली. जिना झाडायची पाळी आली की मी शेजारणीला पैसे देऊन टाळायचे. ती स्वतः करू लागले, तशी खालच्या मजल्यावरची आजी माझ्याशी बोलायला लागली. श्वेबिश मी तिच्याकडून शिकले. दुसऱ्या वेळी परीक्षा पास झाले. डिसेंबर मात्र आजही अंगावर येतो.

तर ये. धने बॅगेत आणू नकोस. पेरायचं बी बाहेरून आणायला इथे कागद लागतात, आणि तुर्की दुकानात ते मिळतातच. माझी ती रुमालातली फाकंही मी मुंबईत मावशीच्या कुंडीत टाकून आले. गॅलरीत पेरणार असशील तर एप्रिल संपू दे. मार्चच्या ऊन्हाला भुलून मी दोनदा वाफा घालवलाय.