दाढेच्या रिकाम्या जागी ब्रिज बसवावा की इम्प्लांट?

खालची एक दाढ काढल्यानंतर नाशिकमध्ये ब्रिज (शेजारच्या दाढांच्या आधाराने बसवलेला पक्का कृत्रिम दात) स्वस्त आणि इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) महाग सांगितले जात आहे, तर काय निवडावे, असा आपला प्रश्न आहे. आजचा आकडा पाहिल्यास ब्रिज परवडतो. परंतु त्यासाठी शेजारच्या दोन्ही दाढा घासून बारीक कराव्या लागतात, आणि त्या निरोगी असतील तर हे नुकसान दरपत्रकात कुठेच दिसत नाही. त्यांना तशीही कॅप बसवायची असेल, तर मात्र ब्रिजच घ्यावा. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात रुजायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर त्यात पैसे घालण्याची घाई करू नये. दर विचारताना स्क्रू, अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा भाग), वरची कॅप आणि गरज पडल्यास हाडाची भर, हे सारे त्यात धरले आहे का आणि इम्प्लांट कोणत्या कंपनीचे आहे, हे लेखी घ्यावे, कारण पुढे एखादा भाग बदलायचा झाल्यास तोच कागद कामी येतो. पंचवटीतील दंत महाविद्यालयात खर्च सहसा कमी येतो, फेऱ्या मात्र वाढतात. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त, पण एकाच दाढेसाठी असली की ती बहुतेकांच्या डबीतच राहते.